मुख्याध्यापक होण्याआधी शिकवतं कोण, आणि झाल्यावर तपासतं कोण?

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही अनुदानित माध्यमिक शाळेत आहात, ज्येष्ठता यादीत आता तुमचाच नंबर आहे आणि सध्याचे सर मे अखेर रिटायर होतायत. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात, मुख्याध्यापक व्हायच्या आधी शासनाचं काही ट्रेनिंग किंवा परीक्षा असते का, आणि एकदा खुर्चीत बसल्यावर तुमचं काम बरं की वाईट हे कोण आणि कशावरून ठरवणार. वर स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत असंही लिहिलंय, एक म्हणतो परीक्षा घ्या, दुसरा म्हणतो ज्येष्ठतेला हात लावू नका.

मी अशाच शाळेत शिक्षक, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक करत करत मुख्याध्यापक झालो आणि नंतर बरीच वर्षं मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणांना तज्ज्ञ म्हणून जातोय, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. सरळ उत्तर असं की आपल्याकडे अनुदानित माध्यमिकला नेमणुकीआधी सक्तीचं ट्रेनिंग नाही, परीक्षाही नाही, आणि मूल्यमापन कागदावर आहे पण ते मुख्याध्यापकाचं नसतं, फायलींचं असतं. माझ्या मते परीक्षा विरुद्ध ज्येष्ठता हे भांडण चुकीच्या जागी चाललंय. नेमणुकीआधीची चार वर्षं आणि नंतरचं पहिलं वर्ष, खरं भोक तिथे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

नियम काय म्हणतो ते बघा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा सेवाशर्ती कायदा १९७७ चा आणि त्याखालची नियमावली १९८१ ची, आपण सगळे जिला एमईपीएस म्हणतो ती. नियम ३ प्रमाणे माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला पदवी, बीएड, आणि पदवीनंतर पाच वर्षांचा पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षं बीएडनंतरची. या अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी जो सगळ्यात ज्येष्ठ आणि ज्याचं सेवेचं रेकॉर्ड समाधानकारक आहे त्यालाच संस्थेने नेमायचं. ज्येष्ठता कशी लावायची ते अनुसूची फ मध्ये, आणि त्या अनुसूचीवरून महाराष्ट्रात किती केसेस झाल्यात ते विचारू नका. डावललं गेलेल्या शिक्षकाला कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, म्हणून शहाणी संस्था यादीतला पहिला सोडून दुसऱ्याला हात लावत नाही. अल्पसंख्याक संस्थांना मात्र आपल्या पसंतीचा मुख्याध्यापक नेमायची मोकळीक कायद्यातच आहे.

आता त्या 'समाधानकारक रेकॉर्ड'ची गंमत. रेकॉर्ड म्हणजे काय, तर गोपनीय अहवाल. त्यासाठी नियम १५ आहे आणि त्यातच लिहिलंय की अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरा ठरलेल्या मुदतीत कळवला नाही तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असं धरायचं. कर्मचाऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून ठेवलेली ही तरतूद आहे आणि ती हवीच, पण दोन नियम एकत्र वाचले की काय होतं बघा, संस्थेत कोणी वेळेवर अहवाल लिहिले नाहीत की सगळा स्टाफ आपोआप समाधानकारक, आणि त्यातला सगळ्यात जुना माणूस आपोआप मुख्याध्यापक. म्हणजे गाळणी आहे, पण तिच्यातून सगळंच जातं. मुख्याध्यापक झाल्यावर तुमचा स्वतःचा अहवाल संस्था लिहिणार, आणि संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव वर्गात कितीदा येतात ते तुम्हालाच माहीत आहे. संस्थेशी जमलं तर 'अत्युत्कृष्ट', फाटलं तर नोटीस. मधलं काही मी फारसं पाहिलेलं नाही.

दुसरी अडचण वयाची. आपल्याकडे निवृत्ती ५८ ला. मोठ्या संस्थेत ज्येष्ठतेने नंबर लागेपर्यंत माणूस पंचावन्न-छप्पन्नचा होतो, दोन-अडीच वर्षं मिळतात, त्यातलं पहिलं वर्ष संचमान्यता (म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होणं) आणि पोर्टल समजण्यात जातं आणि शेवटचे सहा महिने स्वतःच्या पेन्शन केसमध्ये. अशा माणसाला घडवायचं कधी आणि त्याचं मूल्यमापन करून सुधारणा बघायची कधी? परीक्षेची मागणी करणारे लोक हा साधा हिशोबच करत नाहीत.

जिल्हा परिषदेचं चित्र वेगळंय पण जास्त बरं नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर पट असेल तर शिक्षकांशिवाय एक मुख्याध्यापक, आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. २०२३ च्या सुमारास राज्यात २० च्या आत पट असलेल्याच सुमारे १५ हजार शाळा होत्या. म्हणजे हजारो गावांत मुख्याध्यापक हे पदच नाही, असतो तो प्रभारी, जो चौथीचा वर्गही घेतो, पोषण आहाराचं तांदूळ-डाळीचं रजिस्टरही लिहितो आणि मिटिंगलाही जातो, त्याला पदाचा पगार नाही की पदाचं ट्रेनिंग नाही. पद आहे तिथेही बढती नाकारणारे भरपूर, कारण वेतनातला फरक किरकोळ आणि बदली मात्र लांबची. नेतृत्व विकासाच्या धोरणावर कितीही छान पीपीटी करा, या माणसाचा त्यात उल्लेख नसेल तर ते शहरातल्या शाळांपुरतंच राहतं.

ट्रेनिंग अजिबातच नाही असंही नाही. दिल्लीच्या नीपामध्ये, म्हणजे शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत, २०१२ ला शाळा नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं, त्यांनी २०१४ ला अभ्यासक्रमाचा आराखडा काढला, सात भागांचा, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघबांधणी, नवोपक्रम, समाजाशी भागीदारी वगैरे. चांगला आराखडा आहे, मी तो वापरलाय. त्यांचा वर्षभराचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. राज्यात पुण्याची एससीईआरटी (राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद), संभाजीनगरची मिपा (शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाची राज्य संस्था) आणि जिल्ह्याजिल्ह्यातली डाएट, म्हणजे जिल्हा प्रशिक्षण संस्था, आहे. २०१९ ला केंद्राचं निष्ठा हे प्रशिक्षण आलं, त्यात शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकही होते, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शिक्षकांसारखंच मुख्याध्यापकांनाही वर्षाला ५० तास व्यावसायिक विकास करायला सांगितलाय. कागद भरपूर आहेत हो.

अडचण अशी की हे सगळं नेमणूक झाल्यावर, तेही आदेश आला म्हणून, आणि बहुतेक हॉलमध्ये बसवून किंवा दीक्षा या ऑनलाइन पोर्टलवर व्हिडिओ पुढे ढकलून. सकाळच्या सत्रात आम्ही परिवर्तनशील नेतृत्व शिकवायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत तेच मुख्याध्यापक येऊन विचारणार की सर बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची नोंदवही) कशी तपासून घ्यायची, वेतनेतर अनुदानाचं ऑडिट कसं मिटवायचं, एक शिक्षक वर्गावर जातच नाही त्याला पहिलं पत्र काय द्यायचं. मला विचाराल तर जेवणाच्या सुट्टीतले प्रश्न हाच खरा अभ्यासक्रम होता. आणि त्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पहिल्या दोघांना अनुभवी क्लार्क उत्तर देतो, तिसऱ्याला कोणीच देत नाही.

तुमच्या शाळेतलं लॉगबुक काढून बघा, जिथे मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक पाठनिरीक्षण लिहितात. 'फलकलेखन सुंदर, विद्यार्थी सहभाग समाधानकारक, शैक्षणिक साहित्याचा वापर करावा.' दहा वर्षांपूर्वीचं पान आणि कालचं पान बदललं तरी कळणार नाही. गणिताच्या शिक्षकाने अपूर्णांकांची बेरीज घेताना छेद सारखे का करायचे हे सांगितलंच नाही आणि अर्धा वर्ग नुसती पायऱ्यांची नक्कल करत होता, असं वाक्य मला क्वचितच दिसलं. ते लिहायला विषय कळावा लागतो, तासभर शांत बसावं लागतं, आणि लिहिल्यावर त्या शिक्षकाशी बोलायची हिंमत लागते. हे तीन दिवसांच्या हॉलमधल्या प्रशिक्षणात येत नाही. कोणीतरी बरोबर बसून दोघांनी एकच पाठ पाहायचा, दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग ताडून बघायचं, असंच शिकता येतं. हे आम्ही जिथे जिथे केलं तिथे लोक पहिल्यांदा अवघडतात, नंतर त्यांनाच चटक लागते.

आता मूल्यमापन. २०१५ च्या शेवटी नीपाचं शाळासिद्धी आलं, सात क्षेत्रं, ४६ गाभा मानकं, आधी शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायचं मग बाहेरच्यांनी पडताळायचं. त्यातलं पाचवं क्षेत्र शाळेचं नेतृत्व आणि व्यवस्थापन, म्हणजे तुमचंच. कल्पना वाईट नव्हती, आपण कुठे आहोत ते प्रामाणिकपणे लिहा आणि पुढच्या वर्षीचा आराखडा करा एवढीच. पण २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणी, म्हणजे १२ आणि २४ वर्षांनंतर मिळणारी, शाळेच्या शाळासिद्धीतल्या अ श्रेणीशी जोडली. नववी-दहावीला तर निकालाची अटही घातली. मग काय होणार? स्वतःच्या हाताने स्वतःला ब देऊन सगळ्या स्टाफची वेतनश्रेणी अडकवणारा मुख्याध्यापक कोणत्या शाळेत टिकेल? शाळा अ होत गेल्या, संघटना रस्त्यावर आल्या, आणि पुढे ती अट मागे घ्यावी लागली. पगाराची गाठ मारली की आरसा कसा खोटं बोलायला लागतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही. आता त्याच्या जागी एसक्यूएएएफ ही शाळेची गुणवत्ता तपासायची नवी चौकट आलीय, १२८ मानकं, पुरावे अपलोड करायचे, फोटो, पीडीएफ, लिंका. मानकं चांगली आहेत, पण १२८ गोष्टींचे पुरावे गोळा करणारा माणूस वर्गात जाणार कधी, हे कोणीतरी मंत्रालयात विचारायला पाहिजे.

आणि त्यावर रोजचं आहेच. यूडायस प्लस आणि सरल (शाळेची-मुलांची माहिती भरायची पोर्टलं), शालार्थ (पगाराचं पोर्टल), मुलांचे अपार आयडी, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची नोंद, निवडणुकीचं काम. यातलं काही राहिलं तर दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर लाल रंगात शाळेचं नाव येतं. पण आठवीच्या निम्म्या मुलांना मराठीचा परिच्छेद वाचता येत नाही म्हणून लाल यादी आलेली मी पाहिलेली नाही. शासनाला मुख्याध्यापकाकडून काय हवंय ते धोरणाच्या पीडीएफमध्ये नाही, या लाल याद्यांमध्ये कळतं, आणि माणूस तेच करतो ज्याचा जाब विचारला जातो.

या सगळ्यात जवळून बघू शकेल असा एकच माणूस होता, प्राथमिककडे, केंद्रप्रमुख. १९९० च्या दशकात ४८६० केंद्रं केली, दहा-बारा शाळांमागे एक माणूस, त्याने शाळेत बसायचं, पाठ बघायचे, दाखवायचे. मग वर्षानुवर्षं जागा रिकाम्या, एकेकाकडे दोन-तीन केंद्रं, आणि कामाचं स्वरूप म्हणजे वरची माहिती खाली आणि खालची माहिती वर. डिसेंबर २०२२ ला निम्म्या जागा विभागीय परीक्षेने आणि निम्म्या बढतीने भरायचं ठरलं, २०२३ ला २३८४ जागांची जाहिरातही आली आणि परीक्षा पुढे ढकलली गेली. माध्यमिकला तर केंद्रप्रमुख नाहीच, विस्तार अधिकारी आणि उपशिक्षणाधिकारी वार्षिक तपासणीला येतात, आदल्या दिवशी शाळा वर्गातले काळे फळे रंगवून घेते, दुसऱ्या दिवशी जेवण आणि शेरा.

परीक्षेचं आता. गुजरातने बऱ्याच वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांसाठी अभियोग्यता परीक्षा आणली, प्राथमिकला एचटाट आणि माध्यमिकला एचमॅट, त्यामुळे तिशी-चाळिशीतले लोक मुख्याध्यापक झाले, म्हणजे पुढे पंधरा-वीस वर्षं हातात. हा फायदा मोठा आहे, मी नाकारत नाही. पण बिहारही बघा. २०२२ ला तिथल्या लोकसेवा आयोगाने उच्च माध्यमिक शाळांच्या ६४२१ मुख्याध्यापक पदांसाठी परीक्षा घेतली, पास किती झाले तर ४२१. बाकीच्या शाळा पुन्हा प्रभारींवर. परीक्षेतून तुम्हाला कायदा आणि सामान्यज्ञान पाठ असलेला माणूस मिळतो, चिडलेल्या पालकाला बसवून पाणी देणारा मिळतोच असं नाही.

आपल्याकडे एक परीक्षा मात्र मागच्या दाराने आली आहे, न्यायालयातून. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना बढतीसाठीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागणार, ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त शिल्लक आहेत त्यांना नोकरीसाठीच दोन वर्षांत पास व्हायचंय, आणि ज्यांची पाचहून कमी उरलीत ते नोकरीत राहतील पण बढती हवी तर टीईटी द्यावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेलाय. म्हणजे प्राथमिकला चोपन्न वर्षांचा ज्येष्ठ शिक्षक मुख्याध्यापक व्हायला बालमानसशास्त्राचे पर्याय निवडत बसणार. टीईटी शिक्षक निवडायला ठीक आहे, शाळा चालवता येते की नाही याचा तिच्याशी काय संबंध हे मला अजून कळलेलं नाही.

बाहेरची उदाहरणं द्यायची फॅशन आहे म्हणून दोनच. इंग्लंडने मुख्याध्यापकाची पात्रता २००९ ला सक्तीची केली आणि २०१२ ला सक्ती काढून टाकली, त्यामुळे प्रमाणपत्र म्हणजे जादू असं तिथेही कोणी मानत नाही. सिंगापूरमध्ये होऊ घातलेल्या प्राचार्याला सहा-सात महिने पूर्णवेळ तयारीला काढतात. पंजाबने २०२३ ला ३६ प्राचार्य त्याच सिंगापूरला पाठवले, आणि निवड कशी केली यावरूनच राज्यपाल आणि सरकारची पत्रापत्री रंगली. सहा-सात महिने मोकळे काढायचे आणि एक आठवडा विमानाने जायचं यात फरक आहे, एवढंच.

माझ्या हातात असतं तर काय केलं असतं असं कोणी विचारलं तर, ज्येष्ठता ठेवा, पण यादीतल्या पहिल्या चार-पाच जणांची तयारी आधीच सुरू करा, पन्नाशीच्या आतच, दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकाबरोबर एक सत्र बसवा, जून ते ऑक्टोबर, म्हणजे प्रवेश, संचमान्यता, पालकसभा, पहिली घटक चाचणी सगळं बघायला मिळतं. तयारी नाकारली तर नंबर पुढच्याला, हे नियमातच लिहा, म्हणजे न्यायाधिकरणात टिकेल. किमान पाच वर्षं शिल्लक असलेल्यालाच नेमा, यावर मला शिव्या पडतील, पडू देत. पहिल्या वर्षी एक निवृत्त चांगला मुख्याध्यापक महिन्यातून एकदा दिवसभर शाळेत, तपासायला नाही, बरोबर बसायला. आणि मूल्यमापन दुसऱ्या तालुक्यातल्या दोन मुख्याध्यापकांनी दोन दिवस शाळेत राहून करायचं, सात-आठच प्रश्न घेऊन, त्यातले निम्मे पाठनिरीक्षणाबद्दल आणि त्यानंतर शिक्षकात काय बदललं याबद्दल. पगाराशी त्याचा संबंध निदान पहिली पाच वर्षं अजिबात नको. खर्च फार नाही याला, लागतात ती माणसं, आणि ती निवृत्त होऊन घरी पेपर वाचत बसलीत.

आता तुमच्यापुरतं, कारण धोरण येईल तेव्हा येईल, तुमचा जून जवळ आलाय. सर रिटायर व्हायच्या आधी, निरोपसमारंभाच्या गडबडीत नाही, एप्रिलमध्येच त्यांच्याबरोबर पदभाराची यादी करायला बसा. कॅशबुक आणि बँकेची शिल्लक जुळते का, जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचं) पूर्ण आहे का, डेडस्टॉक, म्हणजे बाकं-कपाटांसारख्या टिकाऊ वस्तू, प्रत्यक्ष मोजा, सगळ्यांची सेवापुस्तकं आणि मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल जागेवर आहेत का, ऑडिटच्या प्रलंबित हरकती कोणत्या, कोर्टात काय चालू आहे. जे नाही ते 'नाही' म्हणून यादीत लिहून दोघांच्या सह्या घ्या, सर कितीही जवळचे असले तरी. नागपूरचं २०२५ चं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण वाचलं असेलच, मुख्याध्यापकाची सही काय करू शकते ते त्यात दिसतं. संस्थेकडून नेमणुकीचा ठराव आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता याचा प्रस्ताव मे महिन्यातच तयार ठेवा, नाहीतर सह्यांचे अधिकार कोणाला यावरून जुलैचा पगार अडकतो आणि पहिल्याच महिन्यात स्टाफ तुमच्यावर नाराज.

जवळच्या शाळेतले एक मुख्याध्यापक शोधा ज्यांना रात्री नऊ वाजता फोन केलेला चालतो, त्यांच्याशिवाय पहिलं वर्ष निघत नाही. आणि आत्तापासून आठवड्याला एक पाठ बघायला सुरुवात करा, पर्यवेक्षकांना सांगून, जो शिक्षक चांगला शिकवतो त्याच्यापासून, म्हणजे कोणाला वाटणार नाही की मॅडम आत्ताच साहेब झाल्या. लॉगबुकमध्ये नको, आपल्या वहीत लिहा, आणि त्या वहीतली एक तरी ओळ त्या शिक्षकाला त्याच दिवशी चहाला बसून सांगा.